दोन नंबर मोठे बूट

आज सकाळी माळ्यावरून कूलर खाली काढला. त्याच्यामागं स्वेटरांची पिशवी होती, तीही काढली. आमच्या घरात या दोन वस्तू एकाच दिवशी खाली येतात. कूलरच्या ताट्या धुऊन जिन्यात टेकवून ठेवल्या आणि गच्चीच्या दोरीवर मंजूचा लाल स्वेटर, लोकरीचे हातमोजे आणि माझी शाल उन्हात टाकली. शेजारच्या पद्मक्का वाळवणं बघायला वर आल्या होत्या. त्या दोरीकडं बघून थांबल्याच.

"एंटम्मा इदी?" त्या म्हणाल्या. हे काय गं, म्हणून. "इत्ती धूप में स्वेटर? बुखार है क्या किसकू?"

मी मान हलवून हसले. गेल्या वर्षीही त्यांनी हेच विचारलं होतं आणि मी अशीच हसले होते. सांगायला गेलं तर पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि तेवढं एका दमात बोलायची मला सवय नाही. कागदावर बरं पडतं. मंजूच्या वह्यांची मागची पानं कोरी राहतात, त्यांवर मी लिहिते. मंजू ते वाचत नाही. तिला तेलुगू येतं, इंग्रजी येतं, पण मराठी ती बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचते आणि दोन ओळींत कंटाळते.

मंजू म्हणजे माझी मुलगी. आता तेरा वर्षांची आहे. ती बर्फावरची हॉकी खेळते, हैदराबादेत.

मला स्वतःला हे वाक्य लिहून पुन्हा वाचावं लागलं. आमच्या नल्लकुंट्यात एप्रिल लागला की दुपारी नळालाही चहाचं पाणी येतं. चौकात ताडगोळेवाला बसतो, ताडगोळ्यांना इथं मुंजलू म्हणतात. तो एकेक गोळा सोलून पानात घालतो आणि लोक उभ्या उभ्या गिळतात. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. अशा गावात एका मोठ्या मॉलच्या वरच्या मजल्यावर बर्फाची जमीन आहे, आणि मी ती हाताला लावून पाहिली आहे. त्याआधी बर्फ म्हणजे मला माहीत होता तो सरबताच्या गाडीवरचा, पोत्यात गुंडाळलेला.

मागचा सगळा उन्हाळा मी त्या बर्फाच्या कडेला बसून काढला. वार्षिक परीक्षा संपली तेव्हापासून शाळा उघडेपर्यंत. रोज सकाळी डबा करून आम्ही दोघी निघायचो. दोन बस बदलायच्या. बायकांना बस फुकट, म्हणून कंडक्टर बाई आमच्या हातात शून्याचं तिकीट ठेवायची आणि मांडीवरच्या लोकरीच्या पिशवीकडं बघायची. उतरलो की अंग घामानं चिंब, आणि दहा मिनिटांनी वर जाऊन मी शाल कानांवरून ओढून घेतलेली. पहिल्या दिवशी दात वाजले तेव्हा मला हसू आलं. बाहेर एवढं ऊन आणि माझे दात वाजतायत.

तिथला वास अजून नाकात आहे. ओल्या रबराचा, घामेजल्या हातमोज्यांचा आणि त्यामागं एक कोरा, कशाचाच नसलेला वास, जो बहुतेक थंडीचाच असावा. आवाजही वेगळा. पात्यानं बर्फ खरवडला की नारळ खवल्यासारखं होतं. त्यांची ती काळी रबरी चकती कडेच्या फळीवर आदळली की सगळ्या आया एकदम दचकायच्या. मीही दचकायचे, पण मला ते आवडायला लागलं होतं.

मंजू आधी शाळेच्या मैदानात चाकांचे स्केट घालून पळायची. तिथं उस्मान सरांनी तिला पाहिलं. सर पन्नाशीचे, जाडजूड, गळ्यात शिट्टी आणि तोंडात सुपारी. चाकांवर पोरांना शिकवतात आणि त्यातली निवडक पोरं बर्फावर नेतात. "बच्ची गिरती तो रोती नै, पैले देखती कौन देख रा," ते मला म्हणाले होते. "ऐसे बच्चे मेरेकू होना." पडल्यावर रडत नाही, आधी कोण बघतंय ते बघते. हे मात्र तिनं माझ्याकडूनच घेतलंय.

बर्फावर चाकं चालत नाहीत. पात्याचे बूट लागतात आणि ते महाग. मी घरी शिलाई करते, फॉल-पिको आणि लहान मुलांचे कपडे. माझ्या एक गिऱ्हाईक बाई आहेत, मूळच्या पुण्याच्या, नवरा-बायको दोघं कम्प्युटरात. त्यांच्या दोन मुली आधी तिथंच बर्फावर शिकायला जायच्या, नंतर सोडलं. बाईंनी कपाटातून दोन जोड काढून माझ्यापुढं ठेवले. "तुम्हाला जो होईल तो घेऊन जा हो," म्हणाल्या. एक धाकटीचा, एक थोरलीचा.

मी मंजूच्या पायाचा कागद बरोबर नेला होता. आमच्याकडं बूट-चप्पल आणायची रीतच ती आहे. पोराला कागदावर उभं करायचं, पेन्सिलीनं पायाभोवती रेघ मारायची आणि कागद घेऊन दुकानात जायचं. पेन्सिल जरा बाहेर कलती धरायची, म्हणजे वाढीची जागा राहते. माझ्या आईनं तसंच केलं, तिच्या आईनंही केलं असेल. परकर शिवताना खाली मुडपून ठेवतो तसंच हे. धाकटीचा जोड त्या कागदाला लागून बसत होता. थोरलीचा दोन नंबर मोठा होता. मी मोठा उचलला. दोन वर्षं बघायला नको, असा विचार केला. जुनी उशी उसवून कापूस काढला आणि पुढं बोटांच्या जागी गच्च भरला. मंजूनं घालून पाहिला आणि नाड्या आवळल्या.

तीन आठवडे ती तशीच खेळली. आता आठवलं की मलाच घोटा दुखल्यासारखं होतं.

कारण तीन आठवडे तिचे घोटे आत वळत होते. सरळ जाताना जायची, पण वळायला गेली की पाय एकीकडं आणि बूट दुसरीकडं. चाकांवर वाऱ्यासारखी पळणारी पोर इथं म्हाताऱ्यासारखी काठीवर रेलायची. सर ओरडायचे, "टखने में जान नै क्या? दूध पीती नै क्या घर में?" मी घरी येऊन तिला दोन वेळा दूध द्यायला लागले. खारकाही घातल्या त्यात.

त्या उन्हाळ्यात एक पाहुणी शिकवायला आली होती. डोलमा नाव, लडाखची, पंचवीसेक वर्षांची असेल. ठेंगणी, गाल नेहमी लाल. मंजू तिला दीदी म्हणायची. तिथं डोंगरात त्यांच्या गावाजवळ तळं गोठतं आणि मुली त्यावर खेळतात, असं ती सांगायची. मी कधी कुणाला फारसं विचारत नाही, पण डोलमाला मी विचारत सुटले. तळं फुटत नाही का? मासे कुठं जातात? खरबरीत झालं तर कोण सारखं करतं? ती सांगायची, "संध्याकाळी आम्ही बादल्यांनी पाणी ओततो आंटी, सकाळी काचेसारखं होतं." ती हे हिंदीत सांगायची. मी मनात मराठी करून ठेवत गेले, त्यामुळं आता मला ती मराठीतच आठवते. शेणानं अंगण सारवतात तसं त्या पाण्यानं तळं सारवतात, हे मला इतकं पटलं की घरी येऊन मी मंजूच्या बाबांना सांगितलं. ते अफझलगंजात मसाल्याच्या घाऊक दुकानात असतात. घरी येतात तेव्हा अंगाला धने-मिरचीचा वास. ते म्हणाले, "शिकायला तू जातेस की मंजू?"

एक दिवस मंजू वळताना पडली आणि लवकर उठली नाही. डोलमानं तिला कडेला आणलं, बूट सोडला, ओढला. पायाबरोबर कापसाचा गोळा बाहेर आला. मग आणखी एक. ती बोटं घालून काढत गेली आणि रबराच्या चटईवर उशीभर कापूस जमला. बाकावरची पोरं हसायला लागली.

उस्मान सर आले, वाकून बघितलं. "क्या अम्मा, ये बूट है की रजाई? मैं तीन हफ्ते से बच्ची के टखनों कू गालियां दे रा, कसूर तो रुई का निकला!"

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. जमीन तर बर्फाची. मंजू खाली मान घालून मोजा वर-खाली करत होती. डोलमा मात्र चटईवर माझ्याजवळ बसली. तिचा पहिला जोड थोरल्या भावाचा होता, म्हणाली. त्यात तिनं तीन मोजे भरले होते. "सगळ्यांच्या आया असंच करतात आंटी. पण यात पाय आणि बूट यांच्यात हवासुद्धा राहता कामा नये. पायानं मनात आणलं की पातं वळलं पाहिजे. मध्ये कापूस असला तर निरोप पोचत नाही."

मी पुन्हा त्या बाईंकडं गेले, पण धाकटीचा जोड तोवर दुसऱ्या कुणाला गेला होता. शेवटी सरांच्या कपाटात एक जुना, जीभ फाटलेला जोड मिळाला, मंजूच्याच मापाचा. मी तो घरी आणून चामड्याच्या सुईनं शिवला. मशीन चालेना म्हणून हातानं. अंगठ्याला टोचून टोचून भोकं पडली. दुसऱ्या दिवशी मंजूनं तो घातला, दोन पावलं गेली आणि एका पायावर वळली. अशी वळली, जसं कुणी हाक मारल्यावर मान वळते. मग तिनं कडेला बघितलं, मी बघतेय का ते.

तेव्हापासून मला तो खेळ दिसायला लागला. आधी नुसती धावपळ दिसायची. या खेळात सगळे एकदम खेळत नाहीत. पाच जण आत आणि सहावा जाळीपुढं, बाकीचे बाकावर. मिनिटभर जीव खाऊन पळायचं, धापा टाकत बाकावर यायचं, आणि बाकावरचे फळीवरून आत उड्या मारतात. बायका पाणी भरायला एकमेकींना सोडवतात तसं. माझं लक्ष आतल्यांपेक्षा त्या बाकाकडं जास्त जायचं. मे महिन्यात बाहेरगावची एक टीम सामना खेळायला आली. त्यात मंजूएवढी एक मुलगी होती. बाकी सगळी तिच्यापेक्षा थोराड. ती हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळून, काठी दोन गुडघ्यांमध्ये उभी धरून बसली होती. प्रत्येक वेळी कुणी बाहेर आलं की ती अर्धी उठायची. पूर्ण सामना ती अर्धी उठत राहिली. शेवटी सगळे हात मिळवायला आत गेले तेव्हा ती पहिल्यांदा बर्फावर उतरली. तोवर तिच्या पात्यांना ओलसुद्धा लागलेली नव्हती.

त्या मुलीचं नावही मला माहीत नाही. पण तिच्यामुळं मी तो प्रश्न विचारला.

झालं असं की मे संपता संपता डोलमानं मंजूसाठी जागा आणली. उत्तरेत डोंगराच्या पायथ्याला एका शहरात मोठं रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, आहे. तिथं मुलींची टीम आहे, राहायची सोय, शाळाही जवळ. आमचं इथलं रिंक एखाद्या लग्नाच्या हॉलएवढं. तिथलं म्हणे असे सहा हॉल मावतील एवढं. त्यांना एक लहान मुलगी हवी होती. बाकीच्या सोळा-सतरा वर्षांच्या.

ज्या दिवशी बोलणं ठरलं त्या दिवशी मंजूचे बाबा अर्धा दिवस रजा टाकून आले. मॉलमधल्या चहाच्या टपरीवर आम्ही चौघं बसलो. टपरी म्हणायची, पण चहा कागदी पेल्यात आणि चव काहीच नाही. मंजू आत सराव करत होती आणि काचेतून आमच्याकडं बघत होती.

बाबा खुशीत होते. "मोठ्यांत पडली की मोठी होईल. मी बारा वर्षांचा असताना दुकानात बसलो, माझ्या बरोबरीचं कोण होतं? सगळे बाप्येच. शिकलो की नाही?"

उस्मान सर सुपारी चघळत म्हणाले, "देखो भाई, छोटी जगा में चकती बारबार मिलती. बडी जगा में दौड खुलती. बच्चे कू दोनों होना. पैले कौनसा, वो अल्ला जाने." म्हणजे लहान जागेत चकती सारखी वाट्याला येते, मोठ्या जागेत पळणं मोकळं होतं, आणि मुलाला दोन्ही लागतं. मला वाटलं, हे तर गावातली लहान शाळा आणि परगावची मोठी शाळा, तसंच आहे.

सगळे बोलले. मग डोलमा माझ्याकडं वळली. "आंटी, तुम्हाला काय वाटतं?"

मला बाहेरच्या माणसांत असं कुणी विचारलं की जीभ टाळूला चिकटते. मी पेल्याच्या काठाला नख लावत होते. ती पट्टा आवळून बसलेली मुलगी डोळ्यांपुढं आली. मी विचारलं, "तिथं ती खेळेल किती आणि बसेल किती?"

डोलमा खोटं बोलली असती तर मला कळलंही नसतं. पण ती म्हणाली, "पहिलं वर्ष जास्त बसेल. सामना हातात असला तर शेवटी दोन-तीन मिनिटं. सराव मात्र रोज सगळ्यांबरोबर."

"आणि इथं?"

"इथं कौन बैठने देता उसकू!" उस्मान सर हसले. "मेरे पास हैच कित्ते बच्चे."

मी म्हणाले, या वर्षी नको.

एवढेच शब्द. पण माझ्याच तोंडून ते ऐकले आणि ते मला ओळखीचे वाटले. कारण ते शब्द माझे नव्हते, माझ्या आईचे होते.

आमचं गाव बिलोलीकडचं. गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला नाला ओलांडून पलीकडच्या गावात जावं लागायचं, नाहीतर देगलूरला मावशीकडं राहावं लागायचं. गुरुजी घरी येऊन सांगून गेले होते, पोरगी वाचते चांगलं. वडील तयार होते. आई म्हणाली, "लहान आहे अजून. या वर्षी नको, पुढच्या वर्षी बघू." तिचं काही वाईट मनात नव्हतं. पुढच्या वर्षी धाकटा भाऊ झाला. त्याच्या पुढच्या वर्षी मीच विचारायला लाजले. मग कुणी ते काढलंच नाही. गोधडीवर गोधडी पडावी तसं ते खाली गेलं. आईला मी दोष देत नाही. पण "पुढच्या वर्षी" हा शब्द ऐकला की मला अजून त्या नाल्याचं पाणी दिसतं.

म्हणजे माझ्यापाशी दोन्हीकडचा पुरावा होता. मोठे बूट घातले तर पोर वळू शकत नाही, हे मी तीन आठवडे डोळ्यांनी पाहिलेलं. आणि पोर धाडलीच नाही तर ती चौथीतच राहते, हे मी जन्मभर पाहत आलेली. कुठला खरा?

मंजू माझ्याशी सहा दिवस बोलली नाही. बसमध्ये ती खिडकीकडं तोंड करून बसायची. सातव्या दिवशी बोलली ती हे, की "तुला बाहेर जायची भीती वाटते म्हणून तू मला पाठवत नाहीस." मी मशीनवर होते. पायडल थांबलं. ते निम्मं खरं होतं.

त्या दिवसांत घरी आंबे पिकत घातले होते. बाबांच्या दुकानातल्या एकानं बागेतले आणून दिले होते, कच्चेच. मी टोपलीत भाताच्या पेंढ्यात आढी लावली आणि मधे दोन पिकलेले ठेवले. मंजूनं अबोला मोडून विचारलं, "पिकलेले कशाला?" पिकलेल्याशेजारी कच्चा लवकर पिकतो म्हणून. "का?" मला कारण माहीत नव्हतं. तिनं विज्ञानाच्या पुस्तकात शोधलं आणि पिकल्या आंब्यातून वायू निघतो असं काहीतरी वाचून दाखवलं. आम्ही दोघी रोज आंबे वरखाली करायचो. एक लहान आंबा तळाशी गेला होता, दोन मोठ्यांच्या खाली. तो पिकला नाही, एका बाजूनं काळा पडला. मंजूनं तो हातात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "शेजारी ठेवायचा होता. खाली नाही." त्या रात्रीचं जेवण आम्ही एका ताटात जेवलो.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, तारखांखालच्या मोकळ्या जागेत लिहिलं, "पुढच्या उन्हाळ्यात मंजूला विचारायचं. विसरायचं नाही." माझं अक्षर मोठं आहे, चौथीतलंच. ते स्वयंपाकघरातून दिसायचं. मंजूनं अक्षरं लावत लावत वाचलं. माझ्यासमोर वाचलं, आणि तिचं लक्ष मोडू नये म्हणून मी दूध उतू जाऊ दिलं.

डिसेंबर संपला, बाबांनी जुनं कॅलेंडर काढून रद्दीत टाकलं. लोक असेच विसरत असतील, मला वाटलं. कॅलेंडर बदलतं आणि त्याच्यावरचं सगळं रद्दीत जातं. मी तो तुकडा कात्रीनं कापून काढला आणि नव्या कॅलेंडरच्या एप्रिलच्या पानाला टाचणीनं लावला.

मधे हिवाळ्यात ती वीस दिवस लडाखला जाऊन आली. उस्मान सरांनी सात पोरं नेली होती. डोलमानंच सुचवलं होतं, तिथं तिच्या वयाच्या मुली आहेत, तळ्यावर खेळू दे. मुली मोजक्याच असल्यामुळं बसायला कुणी नव्हतंच. सकाळी ऊन आलं की सुरू, ते जेवायला हाक मारेपर्यंत. संध्याकाळी मोठ्या मुली यायच्या आणि अर्धा तास लहानांना आपल्यात घ्यायच्या. मंजू परत आली तेव्हा ओठ फुटलेले, गालाची सालं निघालेली, आणि तोंड बंद होईना. मी तिच्या गालांना साय लावत ऐकत होते. तिचं पळणं खरंच मोकळं झालं होतं. इथल्या हॉलएवढ्या रिंकमध्ये ती आता दोन ढांगांत भिंतीपाशी पोचते. उस्मान सर डोक्याला हात लावतात, "अब क्या दीवार तोडूं इसके वास्ते?"

तर आज एप्रिल. कूलर धुतला, स्वेटर दोरीवर टाकला आणि मंजू शेवटचा पेपर देऊन घरी आली. दप्तर टाकून ती पाणी पीत होती. मी कॅलेंडरसमोर उभी होते, हातात टाचणी. तीच पोर, तेच घर, पण बोलायला मला त्या चहाच्या टपरीवर लागला होता तेवढाच वेळ लागला.

"मंजू," मी म्हणाले, "जायचं का?"

तिनं पेला खाली ठेवला. "मी दीदीला फोन केला होता."

"कधी?"

"संक्रांतीला. बाबांच्या मोबाइलवरून. विचारलं, मी आले तर खेळेन किती आणि बसेन किती."

"मग?"

"तिथं आता लहान मुलींची वेगळी टीम केलीय. त्यात मी सगळे सामने खेळणार. मोठ्यांबरोबर फक्त सराव."

शेजारी, खाली नाही. दोघींनाही ते आठवलं असावं, कारण तिनं पेंढ्याच्या रिकाम्या टोपलीकडं पाहिलं.

"संक्रांतीपासून तुला माहीत आहे," मी म्हणाले, "आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारणार होतीस ना. उन्हाळ्यात." तिनं कॅलेंडरकडं बोट दाखवलं. "लिहिलंयस की."

मी उगाच टाचणी काढली आणि तो तुकडा घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. ती विचारेल, मागं लागेल, आठवण करून देईल, असं मला वाटत होतं. मी मात्र माझ्या वेळी विचारायलाच लाजले होते. ही वाट बघत राहिली, कारण तिला खात्री होती की मी विचारणार.

बरोबर केलं का, हे मला अजून कळलेलं नाही. मागच्या वर्षीच गेली असती तर कदाचित बाकावर बसूनही शिकली असती. डोळ्यांनी शिकणारी पोरं असतात. मीही कडेला बसूनच शिकले, एवढं आहे. पण मला बर्फावर उतरायचं नव्हतं, तिला उतरायचं आहे. आता ती जूनमध्ये जाईल. स्वेटर तिच्याबरोबर जातील. पुढच्या उन्हाळ्यात माळ्यावरून एकटा कूलर खाली येईल आणि पद्मक्का विचारतील, या वर्षी दोरीवर काही नाही का.

दुपारी बाबांचा दुकानातून फोन आला. मंजूनं त्यांना सांगितलं. नवा जोड आणायचा ठरला, आता सरांच्या कपाटातला तोकडा पडतो. फोन कानापासून लांब धरला तरी त्यांचा आवाज येत होता. "चांगला घ्या. आणि वाढतं अंग आहे, तेव्हा एक नंबर मोठा..."

मंजू आणि मी एकमेकींकडं बघून इतक्या हसलो की त्यांना वाटलं फोन कटला.

मग मी वहीचं एक पान फाडून फरशीवर ठेवलं आणि तिला त्यावर उभं केलं. मागच्या वर्षीचा कागद मी जपून ठेवलाय, तो शेजारी मांडला. बोटभर फरक आहे. "हलू नकोस," मी म्हणाले. तिला गुदगुल्या होत होत्या. सवयीनं माझा हात बाहेर कलला, तो मी सरळ केला. टाचेपासून सुरुवात केली आणि पेन्सिल पायाला अगदी चिकटवून फिरवली.